पगारातून कापलं, पण भरलं का? : वाचकांचे प्रश्न

पगारपत्रकाबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं आणि पत्रांचा ढीगच लागला. निम्मी पत्रं पाच-पंचवीस माणसं ठेवणाऱ्या मालकांची, निम्मी अशाच दुकानांत-ऑफिसांत काम करणाऱ्यांची, आणि काही वाचून तर वाटलं की मालक आणि कामगार दोघांनी एकमेकांना न सांगता मलाच लिहिलंय. नावं काढलीत, पत्रं आटोपशीर केलीत. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, दुसऱ्या राज्यात प्रोफेशन टॅक्सचे, म्हणजे पीटीचे, आकडे वेगळे असतात आणि दिल्ली-हरियाणात तर तो टॅक्सच नाही.

इचलकरंजीहून एक वाचक लिहितात: मॅडम, माझं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. सात माणसं आहेत, त्यातल्या चार बायका. बायकांना १२ हजार आणि पुरुषांना १५ हजार देतो, रोख. सीए म्हणतात पीटी काढा, मित्र म्हणतो एवढ्याशा दुकानाला काही लागत नाही, उगाच सरकारी लफडी मागे लावून घेऊ नकोस. खरं काय?

सीए बरोबर, मित्र चूक. आपल्याकडे कुठला कायदा लागू हे बहुतेक वेळा डोकी मोजून ठरतं, म्हणून आधी डोकी मोजा. पीटी मात्र डोक्यांवर नाही, पगारावर आहे. पुरुषाचा महिन्याचा पगार ७,५०० च्या वर गेला की १७५ रुपये, १० हजारांच्या वर गेला की २०० रुपये. बाईचा पगार २५ हजारांपर्यंत असेल तर शून्य. म्हणजे तुमच्या चार बायकांचं काहीच कापायचं नाही, तीन पुरुषांचे २०० प्रमाणे महिन्याला ६००, आणि फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० म्हणून ९००. वर्षाचे ७,५०० झाले. हे तुमच्या खिशातले नाहीत, त्यांच्या पगारातले आहेत, तुम्ही फक्त कापून भरणारे. पण कापायला विसरलात तरी सरकार तुमच्याकडूनच घेणार, तेव्हा 'आमच्या पोरांना कापलेलं आवडत नाही' हे कारण चालत नाही.

फेब्रुवारीत ३०० का, हे मला प्रत्येक जण विचारतो. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात या टॅक्सला वर्षाला २,५०० ची मर्यादा आहे आणि १९८८ पासून ती हललेली नाही. ११ महिने २०० केले की २,२०० होतात, उरलेले ३०० फेब्रुवारीच्या माथी मारले, एवढंच. आणि हा टॅक्स आला कुठून हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांना पैसा लागत होता म्हणून १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर तो बसवला. रस्त्यावर खडी फोडणाऱ्याच्या मजुरीसाठी ऑफिसातल्या माणसाच्या पगारातून काढलेला पैसा. मला तरी ती कल्पना आजही पटते.

आता तुम्हाला काय काय करायचंय ते. पीटीचे दोन नंबर असतात. एक पीटीआरसी, म्हणजे माणसांचा कापून भरायला, आणि दुसरा पीटीईसी, म्हणजे मालक म्हणून तुमचा स्वतःचा, वर्षाला सरळ २,५००, ३० जूनच्या आत. दोन्ही महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी विभागाच्या, पोर्टलवर निघतात, लागू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, तुमचे ३० दिवस कधीच उलटलेत तेव्हा आता अजून लांबवू नका. तुमच्यासारख्या छोट्या रकमेला रिटर्न वर्षातून एकदाच ३१ मार्चपर्यंत, पण नोंदणीच्या पहिल्या वर्षात दर महिन्याला भरावं लागतं आणि इथेच नवीन लोक हमखास अडकतात. रिटर्न चुकलं की लेट फी एकेका रिटर्नला १,००० रुपये, ३० दिवसांत भरलंत तर २००.

दुकानाची नोंद म्हणजे गुमास्ता. २०१७ च्या कायद्यात १० पेक्षा कमी माणसं असली तर फक्त ऑनलाइन कळवायचं होतं, २०२५ च्या ऑक्टोबरातल्या अध्यादेशाने ती मर्यादा २० वर नेली. तुम्ही सात, म्हणजे नुसतं कळवणं पुरे. पाच माणसं झाली की कामगार कल्याण निधी लागू होतो, तो तुम्हाला आहे. जून आणि डिसेंबरच्या पगारात माणसामागे २५ रुपये कामगाराचे आणि ७५ तुमचे, म्हणजे सात जणांचे सहा महिन्यांना ७०० रुपये. रक्कम एवढीशी आहे म्हणून लोक विसरतात, आणि तपासणीला माणूस आला की पहिली हीच पावती मागतो.

दहा झाले की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), बाळंतपणाची रजा, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाले की पीएफ. सात असताना हे सगळं नाही, पण नववा माणूस ठेवताना हा परिच्छेद पुन्हा वाचा. आणि पगार रोख देऊ नका हो, बँकेत टाका. उद्या एखाद्याने 'मला कमी दिले' म्हटलं तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे?

ठाण्याहून एक भगिनी: ताई, मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, पगार १९ हजार. दर महिन्याला माझे २०० रुपये पीटी म्हणून कापतात. मैत्रीण म्हणाली बायकांना माफ आहे. सरांना विचारलं तर म्हणाले तो सगळ्यांनाच असतो, सरकारचा नियम आहे. दोन वर्षं झाली. काय करू?

तुमची मैत्रीण बरोबर आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात महिलांची मर्यादा १० हजारांवरून २५ हजार केली. त्यामुळे १९ हजारांवर तुमचा एक रुपयाही कापायला नको होता. दोन वर्षांचे झाले ५ हजार.

यात दोन शक्यता आहेत आणि दोन्हींचं गांभीर्य वेगळं आहे. एक म्हणजे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना स्लॅब, म्हणजे पगाराचा जुना टप्पा, तसाच राहिलाय आणि कापलेले पैसे सरकारात भरले जातायत. हे हलगर्जीपणात मोडतं, निस्तरता येतं, कंपनीने तुम्हाला पैसे परत द्यावेत आणि जास्त भरलेल्या टॅक्सचं विभागाशी काय ते बघून घ्यावं. दुसरी शक्यता वाईट आहे. पीटीच्या रिटर्नमध्ये कुणाचंही नाव नसतं, कुठल्या स्लॅबमध्ये किती माणसं एवढाच आकडा असतो. म्हणजे तुमचे २०० कापायचे आणि रिटर्नमध्ये तुम्हाला शून्याच्या रांगेत बसवायचं, हे कुणी केलं तर तुम्हाला घरबसल्या कळायला काही मार्ग नाही. पीएफचं तसं नसतं, पासबुकात प्रत्येक महिना दिसतो. पीटीला पासबुक नाही, ही त्याची मोठी खोट आहे असं माझं मत.

तुम्ही अकाउंट्समध्येच आहात ना, मग चलन आणि रिटर्न तुमच्या हाताखालून जात असणार. एमटीआर-६, म्हणजे पीटी भरल्याच्या चलनाची रक्कम आणि त्या महिन्याच्या पगारपत्रकातली पीटीची बेरीज शेजारी ठेवून बघा. जुळली तर पहिली शक्यता, नाही जुळली तर दुसरी. मग सरांना ईमेल करा, तोंडी नको, आवाज चढवायचीही गरज नाही, 'महिलांसाठी २५ हजारांची मर्यादा असताना माझ्या पगारातून पीटी कापला जातोय, कृपया थांबवावा आणि कापलेली रक्कम परत मिळावी' एवढंच. ऑफिसात अजून बायका असतील तर त्यांनाही सांगा, एकटीने लिहिण्यापेक्षा चौघींनी लिहिलेलं लवकर वाचलं जातं.

एक लक्षात ठेवा, २५ हजार हा आकडा बेसिकचा नाही, भत्ते धरून महिन्याच्या पगाराचा आहे. बोनस आणि ग्रॅच्युइटी त्यात धरत नाहीत. उद्या तुमचा पगार २६ हजार झाला आणि २०० कापले तर भांडू नका.

नाशिकहून एक उद्योजक: आमचं बेकरीचं युनिट आहे. आमच्या मस्टरवर १८ माणसं, शिवाय माल चढवायला-उतरवायला कॉन्ट्रॅक्टरची चार पोरं रोज येतात. पीएफ लागू होतो का? एक जण सल्ला देतोय की पॅकिंग बायकोच्या नावाने वेगळ्या फर्ममध्ये दाखवा.

लागू होतो. कॉन्ट्रॅक्टरची चार धरून २२ झाले. पीएफसाठी मोजताना तुमच्या जागेत तुमच्या कामासाठी येणारा माणूस धरतात, तो कुणाच्या मस्टरवर आहे हे बघत नाहीत. ज्यांचा पगार १५ हजारांच्या वर आहे आणि ज्यांना पीएफ बंधनकारक नाही तेसुद्धा मोजणीत येतात. आणि एकदा लागू झाला की माणसं पुढे १५ वर आली तरी सुटका नाही.

बायकोच्या फर्मचं म्हणाल तर हा सल्ला देणारा माणूस प्रत्येक गावात असतो आणि तपासणीच्या दिवशी त्याचा फोन लागत नाही. तोच ओव्हन, तेच गोडाऊन, तीच गाडी, एकाच खात्यातून दोघांची लाईट बिलं, मग पीएफ ऑफिस दोन्ही फर्म एकच धरतं आणि मागच्या तारखेपासून वसुली लावतं. त्या वसुलीत कामगाराचा वाटाही तुम्हालाच भरावा लागतो कारण गेलेल्या महिन्यांचा पगार तर वाटून झालेला असतो.

आकडा बघा म्हणजे भीती कमी होईल. १५ हजार पगारावर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८००. तुमचेही १,८००, त्यातले १,२५० पेन्शनकडे आणि ५५० पीएफ खात्यात जातात. वर विम्याचे ७५ आणि प्रशासनाचे ७५. म्हणजे तुमच्या खिशातून माणसामागे १,९५०, आणि चलन माणसामागे ३,७५० चं. पगार कितीही मोठा असला तरी तुम्ही १५ हजारांवरच भरू शकता. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि शिवाय महिन्याला १ टक्का दंड.

कॉन्ट्रॅक्टरच्या चार पोरांचा पीएफ तो भरतो म्हणत असेल तर दर महिन्याला त्याच्या चलनाची आणि त्यातल्या नावांच्या यादीची कॉपी घेतल्याशिवाय त्याचं बिल पास करू नका. त्याने बुडवलं तर मूळ मालक म्हणून तुमच्याकडे येतात.

एक गोष्ट मात्र सगळ्याच मालकांना सांगते. स्वतःचा वाटा भरायला उशीर झाला तर व्याज-दंड आहे, ठीक, धंद्यात होतं कधीकधी. पण कामगाराच्या पगारातून १,८०० कापायचे आणि ते कच्च्या मालाच्या बिलाला वापरायचे, हे वेगळं प्रकरण आहे. पीएफ आणि ईएसआयसीचा कापलेला पैसा न भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत विश्वासघात, पूर्वी दंड संहितेचं ४०५ कलम होतं, आता न्याय संहितेचं ३१६. फौजदारी. हातात पैसे कमी असतील तर बाकी कुणालाही थांबवा, मैदावाल्याला थांबवा, हा पैसा आधी भरा.

जळगावहून: माझा एक कामगार ३१ जानेवारीला सोडून गेला. वर्षाचे २,५०० पूर्ण करायला त्याच्या शेवटच्या पगारातून ३०० कापायचे का?

नाही. तो फेब्रुवारीत नव्हता, मग फेब्रुवारीचा विषयच नाही. जानेवारीचे २०० कापा आणि सोडा.

पुण्याहून एक गृहस्थ, वय ६६: रिटायर झाल्यावर एका ट्रस्टमध्ये अर्धवेळ हिशेब बघतो, २२ हजार मिळतात. पीटी कापतात.

कापू नये. ६५ वर्षं पूर्ण झाली की पीटी माफ. वयाचा पुरावा द्या. कायमचं ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल त्यांनाही माफ आहे, आणि गतिमंद मुलाच्या आईवडिलांनाही, हे फार जणांना माहीत नसतं, त्यासाठी सर्टिफिकेट मात्र सरकारी हॉस्पिटलचं लागतं.

पुण्याहूनच, लक्ष्मी रोडवरचे एक दुकानदार: आमच्याकडे ३० सेल्समन आहेत, ईएसआयसी आहे. एका जुन्या माणसाचा पगार नोव्हेंबरपासून २० हजारांचा २३ हजार केला. २१ हजारांच्या वर गेला म्हणून त्याला ईएसआयसीतून काढलं. तो नाराज आहे, म्हणतो बायकोचं ऑपरेशन आहे.

त्याची नाराजी रास्त आहे आणि तुम्ही घाई केलीत. ईएसआयसीचे वर्षाचे दोन हप्ते, म्हणजे सहा-सहा महिन्यांचे कालखंड, असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हप्ता सुरू होताना माणूस २१ हजारांच्या आत असेल तर मध्येच पगार वाढला तरी तो हप्ता संपेपर्यंत आतच राहतो. म्हणजे मार्चपर्यंत त्याचे पैसे भरायचेच आहेत, आणि ते २१ हजारांवर नाही, पूर्ण २३ हजारांवर. त्याचे ०.७५ टक्के म्हणजे १७३ रुपये, तुमचे ३.२५ टक्के म्हणजे ७४८. अपूर्णांक वरच्या रुपयाला न्यायचा.

त्याचा फायदा कुठे होतो बघा. ऑक्टोबर ते मार्चच्या भरण्यावर पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये लाभ मिळतात. म्हणजे मार्चमध्ये पैसे थांबले तरी तो स्वतः आजारी पडला तर डिसेंबरपर्यंत त्याला आजारपणाचा भत्ता आहे, पगाराच्या ७० टक्के, जास्तीत जास्त ९१ दिवस, अट एवढीच की त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांचं अंशदान असावं. आणि कुटुंबाच्या औषधपाण्याचं तर आहेच. तुम्ही नोव्हेंबरात नाव काढलंत तर तो धागाच तुटतो. नोव्हेंबरपासूनचा भरणा व्याजासकट करून टाका, आजच. आणि दर हप्त्याच्या सुरुवातीला, म्हणजे १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, यादी काढून कोण आत कोण बाहेर हे ठरवायची सवय लावा, मधल्या महिन्यांत त्या यादीला हात लावू नका.

पिंपरीहून एक तरुण: नवीन लेबर कोड आल्यामुळे इनहँड पगार कमी होणार असे मेसेज फिरतायत. माझा पगार ३६ हजार, बेसिक १२ हजार, बाकी भत्ते. एचआरला विचारलं की ते म्हणतात बघू.

चारही कामगार संहिता, म्हणजेच हे लेबर कोड, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. तुमच्या कामाचा मुद्दा 'वेतन' कशाला म्हणायचं हा आहे. आतापर्यंत कंपन्या बेसिक मुद्दाम बारीक ठेवायच्या आणि उरलेलं घरभाडं, प्रवास, धुलाई, काय वाट्टेल ते भत्ते दाखवायच्या, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी बेसिकवर. आता भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. तुमचे भत्ते २४ हजार, निम्मे म्हणजे १८ हजार, वरचे ६ हजार बेसिकमध्ये मिसळले की वेतन १८ हजार झालं.

पीएफ आधी १२ हजारांवर १,४४० कापला जात असेल, आता १५ हजारांच्या मर्यादेपर्यंत म्हणजे १,८००. इनहँड ३६० रुपयांनी कमी. पण कंपनीही तुमच्या खात्याकडे तेवढेच जास्त भरणार. ज्यांचा पीएफ आधीच १५ हजारांवर कापला जातो त्यांना काहीच फरक नाही, त्यांनी ते मेसेज डिलीट करावेत. खरा फरक ग्रॅच्युइटीत. दर वर्षामागे वेतनाच्या १५ भागिले २६ या हिशेबाने पाच वर्षांची ग्रॅच्युइटी १२ हजारांवर ३४,६१५ येते आणि १८ हजारांवर ५१,९२३. हे मात्र कुणी मेसेजमध्ये लिहीत नाही. आणि ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर पाच वर्षं थांबायची गरज नाही, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो.

एचआर 'बघू' म्हणते ते अगदीच चूक नाही, ज्या गोष्टींचे नवीन नियम नाहीत तिथे जुने चालू राहतात आणि त्यामुळे सगळीकडे थोडा गोंधळ आहे. पण एक काळजी घ्या. काही ठिकाणी कंपनीचा वाढलेला वाटासुद्धा सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाच्या, आतच बसवतात, म्हणजे तो पण तुमच्याच इनहँडमधून जातो. सुधारित पगाराचा कागद आला की सही करण्याआधी ती ओळ शोधा.

कोल्हापूरहून मोबाईल शोरूममधला एक कर्मचारी: आमच्याकडे २६ जण आहेत. मालक म्हणतात आठवड्याची सुट्टी देतो ना, मग सीएल कशाला? १ मेला पण दुकान चालू ठेवतात. सीझनला रोज ११ तास होतात.

आठवड्याची सुट्टी आणि सीएल (किरकोळ रजा) यांचा एकमेकांशी संबंध नाही. २६ जण आहात म्हणजे शॉप ॲक्ट, वर सांगितलेला दुकानांचा २०१७ चा कायदा, पूर्ण लागू. वर्षाला आठ किरकोळ रजा. आठ पगारी सणाच्या सुट्ट्या, त्यातल्या चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. वर्षात २४० दिवस काम केलंत तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठते.

१ मेला दुकान चालू ठेवता येतं, वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायला कायद्याची ना नाही. पण त्या दिवशी तुम्हाला कामावर बोलावलं तर नुसता नेहमीचा रोज देऊन भागत नाही, त्याचा मोबदला द्यावा लागतो.

तासांचं म्हणाल तर रोजचे नऊ तास होते ते आता दहा झालेत, त्याच २०२५ च्या अध्यादेशाने. आठवड्याचे मात्र ४८ च. त्याच्या वर जे काही होईल त्याला दुप्पट दराने पैसे, आणि तीन महिन्यांत ओव्हरटाइम १४४ तासांच्या वर नाही, आधी १२५ होते. मालक लोकांनी यातलं 'दहा तास' एवढंच ऐकलंय आणि '४८' ऐकलेलंच नाही, असा माझा अनुभव आहे. सीझनमध्ये येण्याजाण्याच्या वेळेचा रोज स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मस्टरवर काय लिहितात त्यावर अवलंबून राहू नका.

जाता जाता, माझं वैयक्तिक मत म्हणून सांगते, या अध्यादेशाने मर्यादा १० वरून २० वर नेली, त्यात १० ते १९ माणसांच्या दुकानातल्या कामगारांचं नुकसान झालं आहे. आधी त्यांना ही सगळी रजा हक्काने मिळायची. मालकाचे कागद कमी व्हावेत हे ठीक, पण कागदाबरोबर रजा कशाला गेली?

सांगलीहून: आमच्याकडे २३ कामगार, सगळे १६ ते १९ हजारांत. दिवाळीला प्रत्येकाला २,००० रुपये आणि मिठाईचा बॉक्स देतो. तो बोनस धरता येतो का? यंदा तसाही तोटा आहे.

मिठाई प्रेमाची, ती बोनसमध्ये नाही. २,००० धरता येतील, पण ते पुरत नाहीत. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या प्रत्येकाला किमान ८.३३ टक्के. तो काढायचा ७ हजारांवर किंवा तुमच्या धंद्याला लागू असलेल्या किमान वेतनावर, जे जास्त असेल त्यावर. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून वर्षाच्या दोन सहामाह्यांचा वेगळा हिशेब करा. ढोबळमानाने वर्षाचा बोनस म्हणजे किमान वेतनाचा एक महिना, असं समजा. तुमचे २,००० त्यातून वजा करा आणि उरलेले द्या.

तोट्याचं कारण जुन्या धंद्याला चालत नाही, किमान बोनस तोट्यातही द्यावा लागतो. नवीन धंद्याला पहिली पाच वर्षं सूट आहे, त्यात ज्या वर्षी नफा झाला त्याच वर्षी द्यायचा. मार्चला वर्ष संपत असेल तर ३० नोव्हेंबर ही शेवटची तारीख, म्हणजे दिवाळी कधीही आली तरी बसतं. बोनसवर पीटी कापू नका.

नागपूरहून: महिनाभरापूर्वी नोकरी सोडली. मालक शेवटचा पगार देत नाही, म्हणतो नोटीस पूर्ण केली नाहीस, पीएफ पण अडकवीन.

नवीन वेतन संहितेप्रमाणे सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण व्हायला हवा. नेमणूकपत्रात नोटीस पे लिहिला असेल तर तेवढा कापता येईल, अख्खा पगार दाबून ठेवता येणार नाही. कापाकापी किती व्हावी यालाही निम्म्या वेतनाची मर्यादा आहे. पीएफ तो अडकवू शकत नाही. तुमचं खातं यूएएनशी, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या तुमच्या पीएफ नंबरशी, जोडलेलं आहे, मालकाने सोडल्याची तारीख टाकली नाही तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता, आधार जोडलेलं असलं की झालं. आधी पासबुक उघडून बघा, कापलेला प्रत्येक महिना जमा दिसतोय का. नसेल दिसत तर पगारापेक्षा ती तक्रार आधी करा, आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, त्याच पुरावा आहेत.

डोंबिवलीहून एक काकू: आमच्याकडे स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांचा पीएफ भरावा लागतो का?

नाही, घरकामाला पीएफ नाही, आणि त्यांच्या पगारावर पीटीही नाही. पण राज्यात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० वयाच्या मावशी तिथे नोंद करू शकतात. त्यासाठी तुमच्याकडे काम करतात असं लिहून द्यावं लागतं, ते द्यायला काचकूच करू नका, त्याने तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

मुंबईहून एक स्टार्टअपवाले: दोघा मित्रांनी प्रायव्हेट लिमिटेड काढली, अजून एकही कर्मचारी नाही. पीटीचं रिटर्न न भरल्याची नोटीस आली. आम्ही तर पीटीला अर्जच केला नव्हता!

केला होता, तुम्हाला कळलं नाही एवढंच. २०२० पासून महाराष्ट्रात कंपनी नोंदवताना त्याच फॉर्ममधून पीएफ, ईएसआयसी आणि पीटी तिन्हीचे नंबर आपोआप निघतात. पीएफ आणि ईएसआयसी माणसं होईपर्यंत गप्प बसतात, पीटीआरसी गप्प बसत नाही. लॉगिन बनवा, राहिलेली रिटर्न शून्याची भरा, लेट फी लागेल तीही भरा. पुढची वर्ष-दोन वर्षं माणसं घ्यायची नसतील तर पीटीआरसी रद्द करायला अर्ज टाका. पीटीईसी मात्र राहणार, कंपनीचे २,५०० आणि तुम्हा दोघा डायरेक्टरांचे प्रत्येकी २,५०० वेगळे, दरवर्षी ३० जून. आणि पहिला माणूस घेतलात की त्याच महिन्यापासून कापायला सुरुवात करा.